तेरा डीजी, चालू राहिला एक : फुकुशिमा दाइइचीचं प्रकरण

11 मार्च 2011 रोजी दुपारी जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात आपत्कालीन डिझेल जनरेटर (डीजी, आमच्या भाषेत नुसता 'सेट') होते 13. युनिट 4 चा एक देखभालीसाठी उघडलेला होता, म्हणजे हाताशी 12. दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला, बाहेरून येणारी वीज गेली आणि हे बाराही सेट आपोआप चालू होऊन लोडवर आले. बारापैकी बारा! आमच्या धंद्यात एवढ्यावर मेंटेनन्सवाल्याची पाठ थोपटतात आणि फाइल बंद करतात. त्यानंतर साधारण तासाभराने चालू होता तो एकच, युनिट 6 चा 'बी' सेट.

फुकुशिमा म्हटलं की बोलणं किरणोत्साराकडे आणि ओस पडलेल्या गावांकडे जातं, आणि ते साहजिक आहे. पण कारखान्यात, रुग्णालयात किंवा डेटा सेंटरमध्ये डीजी सांभाळणाऱ्याने हे प्रकरण एकदा जनरेटरच्या बाजूने वाचायला हवं. जे 11 सेट बंद पडले, त्यातल्या निम्म्या सेटच्या इंजिनाला पाणी शिवलंसुद्धा नव्हतं. इंजिन धडधाकट, वीज तयार करणारा अल्टरनेटर कोरडा, टाकीत डिझेल, तरीही वीज शून्य. ते कसं झालं, एवढ्यापुरतंच हे लिखाण.

जागा आणि मांडणी

केंद्र जपानच्या पूर्व किनाऱ्यावर, ओकुमा आणि फुताबा या दोन गावांच्या हद्दीत. एकूण सहा युनिटं. पहिलं 460 मेगावॉटचं युनिट अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारून दिलं आणि ते मार्च 1971 मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झालं. मूळ जागा म्हणजे समुद्रालगतचा सुमारे 35 मीटर उंचीचा कडा. तो तासून युनिट 1 ते 4 साठी जमीन समुद्रसपाटीपासून 10 मीटरवर आणली, 5 आणि 6 साठी 13 मीटरवर. कारणं दोन : खाली पक्का खडक लागतो, आणि थंड करायला लागणारं समुद्राचं पाणी फार उंच चढवावं लागत नाही. ही दुसरी बाब कुठल्याही प्रकल्पाच्या बैठकीत टाळ्या घेऊन जाईल, कारण पंपाचं वीजबिल वर्षानुवर्षं वाचतं.

समुद्राच्या पाण्याचे पंप तर त्याहून खाली, 4 मीटरच्या धक्क्यावर बसवलेले. मुळात त्सुनामीची पातळी धरली होती 3.1 मीटर. 1960 साली चिलीतल्या भूकंपामुळे आलेली लाट जवळच्या ओनाहामा बंदरात जेवढी मोजली गेली, तेवढी. पुढे 2002 मध्ये हा आकडा 5.7 मीटर झाला, नंतर 6.1.

आता सेट कुठे होते ते पाहू. युनिट 1 ते 5 चे बहुतेक डीजी टर्बाइन इमारतीच्या तळघरात. टर्बाइन इमारत समुद्राच्या बाजूला, तिच्यामागे अणुभट्टीची इमारत. युनिट 6 चे दोन सेट (6ए आणि 6एच) अणुभट्टीच्या इमारतीच्या तळघरात. हे सगळे पाण्याने थंड होणारे, आणि ती उष्णता शेवटी जायची समुद्राच्या पाण्यात, त्या 4 मीटरवरच्या पंपांमार्फत.

उरले तीन : 2बी, 4बी आणि 6बी (आकडा युनिटचा, अक्षर सेटचं). हे नंतर, 1990 च्या दशकात बसवलेले. तोवर काही सेट शेजारच्या दोन युनिटांत सामाईक होते. प्रत्येक युनिटला स्वतःचे दोन मिळावेत म्हणून हे वाढवले. मूळ इमारतींत जागा नव्हती, म्हणून 2बी आणि 4बी सामाईक इंधनकुंडाच्या (वापरलेलं इंधन पाण्यात ठेवायच्या कुंडाच्या) इमारतीत तळमजल्यावर गेले आणि 6बी ला स्वतंत्र खोली बांधून मिळाली. तिन्ही हवेने थंड होणारे, म्हणजे आपल्या रेडिएटरच्या सेटसारखे; समुद्राच्या पंपाशी त्यांचा संबंध नाही. जागेच्या अडचणीतून झालेली ही मांडणी पुढे सर्वांत मोलाची ठरली. ठरवून केली असती तर मी त्या डिझायनरचं नाव शोधून काढलं असतं.

3 वाजून 35 मिनिटांनंतर

भूकंपाच्या वेळी युनिट 1, 2 आणि 3 चालू होती, बाकीची तीन वार्षिक तपासणीसाठी बंद. चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. पण अणुभट्टी बंद केली तरी गाभा, म्हणजे आतलं इंधन, तापतच राहतो. पहिल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीडेक टक्का. टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण युनिट 1 ची पूर्ण उष्णता 1380 मेगावॉट होती. तिच्या एका टक्क्यात छोटी एमआयडीसी चालेल. ती उष्णता काढायला पंप हवेत आणि पंपांना वीज हवी.

बाहेरची वीज का गेली? स्विचयार्डातले ब्रेकर हादऱ्याने मोडले, आणि युनिट 5-6 कडे येणाऱ्या लाइनचा एक मनोरा शेजारचा भराव घसरून कोसळला. सहाही युनिटांची बाहेरची वीज एकाच हादऱ्यात गेली. एवढ्यापर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे, कारण डीजी ठेवतात तेच मुळी यासाठी.

मोठी लाट 3 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास आली. युनिट 1 ते 4 च्या भागात पाणी समुद्रसपाटीपासून 14-15 मीटरपर्यंत चढलं, म्हणजे जमिनीवर चार ते पाच मीटर. 4 मीटरवरचे पंप सर्वांत आधी गेले. मग पाणी दारांतून, माल उतरवायच्या झडपांतून, केबलच्या खंदकांतून आणि डीजीला हवा पुरवणाऱ्या जाळ्यांतून इमारतींत शिरलं. डीजीच्या खोलीला हवेची जाळी लागतेच, आणि तळघरातल्या सेटची जाळी जमिनीलगतच उघडते. 3:37 ला युनिट 1 अंधारात गेलं आणि पुढच्या काही मिनिटांत 2 आणि 3. युनिट 4 च्या टर्बाइन इमारतीच्या तळघरात दोन तरुण कर्मचारी भूकंपानंतरची पाहणी करत होते. त्यांचे मृतदेह 30 मार्चला सापडले.

आता एकेका सेटचा हिशेब. 1ए, 1बी, 2ए, 3ए, 3बी : तळघरात होते, बुडाले. यात समजावण्यासारखं काही नाही.

6ए आणि 6एच : इंजिनं कोरडी. पण समुद्राचे पंप गेल्यामुळे थंड करायला पाणी नाही. असा सेट चालवला तर काही मिनिटांत तापून बंद पडणार. 5ए आणि 5बी चीही गत तीच : सेट बुडाले नाहीत, त्यांच्या भोवतालचं बुडालं.

2बी आणि 4बी : माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग. हवेने थंड होणारे, म्हणून पंपांची फिकीर नाही. तळमजल्यावर, म्हणून बुडाले नाहीत. पण त्यांची वीज ज्या 6.9 केव्हीच्या पॅनेलमधून (वीज वाटून देणाऱ्या स्विचच्या कपाटातून) बाहेर जायची, ते पॅनेल त्याच इमारतीच्या तळघरात होतं. पॅनेल बुडालं. दोन्ही सेट वरच्या मजल्यावर धडधाकट, आणि वीज बाहेर न्यायला वाटच नाही.

6बी : हवेने थंड होणारा, वेगळ्या इमारतीत, जमीन 3 मीटर उंच आणि पॅनेल शाबूत. चालू राहिला.

नुसता डीजी वाचवून भागत नाही, हे 2बी आणि 4बी शेजारी 6बी ठेवून पाहिलं की डोळ्यांत भरतं. तिघे एकाच काळातले, एकाच प्रकारचे. फरक पॅनेल बुडण्या-न बुडण्याचा.

आणखी एक हिशेब पॅनेलांचा. युनिट 1 ते 5 ची 6.9 केव्हीची सगळी पॅनेलं निकामी झाली. 480 व्होल्टच्या पॅनेलांपैकी मोजकी वाचली, त्यात युनिट 2 चं एक. म्हणजे त्या संध्याकाळी कुणी जादूने बारा नवे सेट आणून उभे केले असते, तरी ते जोडायचे कुठे हा प्रश्न होताच. बॅटऱ्यांचंही तेच. युनिट 1 आणि 2 चा डीसी (बॅटरीवरचा) पुरवठा पाण्यात गेला, म्हणून कंट्रोल रूममध्ये दिवे नाहीत आणि मीटरही मेले. युनिट 3 च्या बॅटऱ्या अर्ध्या मजल्यावर होत्या. त्या वाचल्या आणि त्यांच्या जोरावर तिथला गाभा 13 तारखेच्या पहाटेपर्यंत थंड ठेवता आला. अर्ध्या मजल्याची उंची दीड दिवसाच्या कामाची ठरली.

गाड्यांच्या बॅटऱ्या

कंट्रोल रूममध्ये टॉर्चच्या उजेडात बसलेल्या ऑपरेटरना सर्वांत आधी हवं होतं ते भट्टीतल्या पाण्याच्या पातळीचं वाचन. त्यासाठी मीटरला लागतात 24 व्होल्ट. केंद्रात तसल्या सुट्या बॅटऱ्यांचा साठा नव्हता. मग कंत्राटदारांच्या बसगाड्या आणि कर्मचाऱ्यांच्या मोटारी उघडल्या, बॅटऱ्या काढल्या, अंधारात उचलून आणल्या आणि बारा-बारा व्होल्टच्या जोडून मीटरच्या टर्मिनलवर लावल्या. रात्री नऊच्या पुढे युनिट 1 चा काटा हलला. पाणी इंधनाच्या वर आहे, असं त्याने दाखवलं.

ते वाचन चूक होतं. पातळी मोजायची पद्धत एका संदर्भ नळीतल्या पाण्यावर अवलंबून असते, आणि ती नळी तापून आतलं पाणी उडून गेलेलं होतं. तोपर्यंत गाभा उघडा पडून वितळायला लागला होता. वीज गेल्यावर आधी दिसायचं बंद होतं आणि मग जे दिसतं त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे कळत नाही, याचं एवढं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

युनिट 3 ला दाब सोडणारी झडप उघडायला 120 व्होल्ट डीसी लागत होते. 13 मार्चला मोटारींच्या 10 बॅटऱ्या ओळीने जोडून ते मिळवले. केंद्र चालवणारी टेपको ही जगातल्या सर्वांत मोठ्या वीज कंपन्यांपैकी एक, आणि तिचं केंद्र पार्किंगमधल्या गाड्यांवर आलं.

दोनशे मीटर केबल

टोकियोहून आणि शेजारच्या तोहोकू वीज कंपनीकडून जनरेटरचे ट्रक निघाले. रस्ते भूकंपाने फाटलेले, गाड्यांची कोंडी. हेलिकॉप्टरने उचलायचं म्हटलं तर ट्रक जड. पहिले ट्रक रात्री उशिरा पोहोचले. आवारातही चालण्याजोगा रस्ता नव्हता : झाकणं उडालेली मॅनहोल, गाळ, वाहत येऊन आडवी पडलेली तेलाची एक मोठी टाकी.

ठरलं असं की युनिट 2 चं जे 480 व्होल्टचं पॅनेल वाचलंय, त्याच्या ट्रान्स्फॉर्मरला ट्रक जोडायचा आणि तिथून युनिट 1 चा एक उच्च दाबाचा पंप चालवायचा. केबल लागणार होती सुमारे 200 मीटर, मनगटापेक्षा जाड, वजन टनाहून जास्त. असं काम एरवी यंत्र लावून, दिवस घेऊन करतात. इथे सुमारे 40 माणसांनी ती खांद्यावर आणि हातांवर ओढली. भूकंपाचे नंतरचे धक्के येत होते. त्सुनामीचा इशारा झाला की सगळं टाकून वर पळायचं, परत यायचं, पुन्हा उचलायचं. केबलचं टोक तयार करणं हे आणखी वेगळं काम. उच्च दाबाच्या केबलचं टर्मिनेशन घाईत करता येत नाही. कुशल हाताला काही तास लागतात. ज्याने कधी टॉर्च तोंडात धरून लग मारलाय, त्याला त्या माणसांची रात्र कळेल.

12 मार्चला दुपारी साडेतीनच्या सुमारास जोडणी पुरी झाली, ट्रक चालू केला. 3 वाजून 36 मिनिटांनी युनिट 1 च्या इमारतीत साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला. उडालेल्या तुकड्यांनी केबल तुटली आणि ट्रक बंद पडला. काही मिनिटांपुरती ती वीज मिळाली होती.

पुन्हा काम सुरू झालं. 14 मार्चला सकाळी 11 वाजता युनिट 3 चा स्फोट झाला, आणि पुन्हा केबल, होस, गाड्या सगळ्यांचं नुकसान झालं. युनिट 2 च्या पॅनेलला बाहेरची वीज पोहोचली ती 20 मार्चला.

दुसऱ्या टोकाला 6बी

युनिट 5 आणि 6 बातम्यांत फारशी आली नाहीत, आणि त्याचं श्रेय 6बी चं. युनिट 5 चे दोन्ही सेट गेलेले, पण बॅटऱ्या होत्या. 12 मार्चला 6 कडून 5 कडे केबल टाकली आणि एका सेटवर दोन युनिटं घेतली. दोन्ही भट्ट्यांत इंधन होतं. ही युनिटं काही महिने बंद होती, त्यामुळे उष्णता कमी होती आणि वेळ मिळाला, हे इथे सांगायलाच हवं; नाहीतर 6बी ला नको तेवढं मोठं करून ठेवू. तरीही समुद्राचे पंप नव्हतेच. 18-19 मार्चला तात्पुरते पंप बसवले. थंड पाण्याची सोय झाल्यावर 6ए सुद्धा पुन्हा चालू करता आला. 20 मार्चला दोन्ही भट्ट्या शंभर अंशांच्या खाली आल्या.

आपल्याकडे सेट घेताना स्टँडबाय (लाइट गेल्यापुरता) आणि प्राइम (मुख्य पुरवठा म्हणून चालणारा) या दोन रेटिंगवरून घासाघीस होते. स्टँडबाय स्वस्त पडतो, म्हणून कोटेशनमध्ये तो पुढे करतात, आणि ग्राहकही म्हणतो की लाइट कितीशी जाणार. 6बी स्टँडबाय म्हणूनच बसवलेला होता आणि आठवडाभर तोच दोन अणुभट्ट्यांचा मुख्य पुरवठा होता. लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्याकडच्या किती कारखान्यांनी स्टँडबायचे सेट रोज आठ-आठ तास मुख्य म्हणून पळवले आणि मग वाइंडिंग जळालं की कंपनीला शिव्या घातल्या, ते सर्व्हिसवाल्यांना विचारा.

बारा किलोमीटर दक्षिणेला

तुलनेसाठी फुकुशिमा दाइनी पाहावं. तीच कंपनी, तोच भूकंप, चार युनिटं, सुमारे 12 किलोमीटर अंतर. तिथे 12 डीजींपैकी वापरण्याजोगे राहिले 3. म्हणजे डीजींची अवस्था तिथेही वाईटच होती. फरक पडला तो बाहेरून येणाऱ्या एका लाइनमुळे. ती टिकली, कंट्रोल रूममध्ये दिवे आणि मीटर राहिले, आणि केंद्रप्रमुख नाओहिरो मासुदा यांना कुठे काय मोडलंय हे दिसत राहिलं. गेले होते ते उष्णता काढणाऱ्या पंपांच्या मोटारी आणि पॅनेलं. लष्कराच्या विमानाने तोशिबाच्या मिए कारखान्यातून मोटर आणली, आणि सुमारे 200 माणसांनी जवळपास 9 किलोमीटर केबल हातांनी टाकली. एरवी यंत्रांनीसुद्धा महिना लागला असता. इथे दिवस-दीड दिवसात झालं. 15 मार्चला सकाळी चारही युनिटं थंड होती.

दाइइचीत 200 मीटर पुरी पडली नाही आणि दाइनीत 9 किलोमीटर पडली. माणसं दोन्हीकडे सारखीच जिद्दीची होती. एका जागी जोडायला पॅनेल आणि बघायला मीटर होते, दुसऱ्या जागी नव्हते.

ओनागावाचंही सांगायला हवं, कारण त्याचं उदाहरण नेहमी 'उंचावर बांधलं म्हणून वाचलं' एवढंच देतात. खरंच उंचावर आहे, सुमारे 14.8 मीटरवर, आणि तोहोकू कंपनीतल्या यानोसुके हिराई यांनी त्या उंचीचा हट्ट धरला होता. लाट साधारण 13 मीटरची आली, आणि जमीन त्याआधीच मीटरभर खचलेली होती. केंद्र वाचलं. पण तिथेही युनिट 2 मध्ये पाणी मोजायच्या यंत्राच्या खड्ड्यातून समुद्र आत शिरला आणि तीनपैकी दोन डीजींचं थंड पाणी बंद झालं. युनिट 1 मध्ये हादऱ्याने तळघरातलं उच्च दाबाचं पॅनेल पेटलं. बाहेरची एक लाइन टिकली होती आणि बाकीचे डीजी चालू होते, म्हणून निभावलं.

आधी कळलं होतं का?

होय, आणि एकदा नव्हे. 1991 च्या ऑक्टोबरमध्ये याच दाइइचीच्या युनिट 1 मध्ये गंजलेल्या नळातून समुद्राचं पाणी टर्बाइन इमारतीच्या तळघरात गळलं आणि डीजीच्या खोलीत शिरून एक सेट निकामी झाला. लाट नाही, भूकंप नाही, साधी गळती. त्यावर नळ दुरुस्त झाला, दारं घट्ट झाली. सेट तळघरातच राहिले.

2008 मध्ये कंपनीच्याच हिशेबात या जागी 15.7 मीटरपर्यंत पाणी चढू शकतं असं निघालं होतं. आकडा फार मोठा वाटला, पुढचा अभ्यास स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेकडे सोपवला गेला. नियामकाला तो कळवला 7 मार्च 2011 ला, चार दिवस आधी. नियामकाची बाजूही धडधाकट नव्हती. जपानच्या 1990 च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं होतं की, दीर्घकाळ सगळी एसी वीज जाण्याचा विचार करायची गरज नाही, कारण लाइन किंवा डीजी दुरुस्त होतील अशी अपेक्षा धरता येते.

यावरचा वाद बहुधा भिंतीभोवती फिरतो : 15 मीटरची समुद्रभिंत बांधायला हवी होती की नव्हती, किती वर्षं लागली असती, किती येन. मला तो वाद थोडा बाजूचा वाटतो. मागे 35 मीटरचा कडा होता. त्यावर एक हवेने थंड होणारा सेट, त्याचं पॅनेल, एक बॅटरीची खोली, आणि तिथून प्रत्येक युनिटच्या वरच्या मजल्यापर्यंत कायमची टाकलेली केबल, ही भिंतीच्या मानाने चिल्लर कामं होती. इंजिनाचे आकडे वाढवण्यात पैसा गेला, जोडणीची वाट बदलण्यात गेला नाही. 'दोन आहेत, शिवाय तिसरा' ही मोजणी सोपी पडते; तिन्हींची वीज एकाच तळघरातून जाते हे सिंगल लाइन डायग्रामवर (वीजजोडणीच्या नकाशावर) दिसत नाही, कारण त्या कागदावर मजले नसतात.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर उत्तर प्रदेशातलं नरोरा आहे. 31 मार्च 1993 च्या पहाटे युनिट 1 च्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटलं, आणि आग केबलच्या मार्गाने पसरली. मुख्य पुरवठ्याच्या आणि आपत्कालीन पुरवठ्याच्या केबली शेजारूनच जात होत्या. दोन्ही जळाल्या. डीजी होते, पण त्यांची वीज पोहोचत नव्हती. 17 तास केंद्र पूर्ण अंधारात. अग्निशमनाचे पंप थेट डिझेल इंजिनावर चालणारे होते, त्यांना वीज लागत नव्हती. त्यांचं पाणी बाष्पजनित्रांत सोडून गाभा थंड ठेवला आणि केंद्र वाचलं. फुकुशिमाच्या 18 वर्षं आधी हाच धडा, पाण्याऐवजी आगीच्या रूपाने.

महाराष्ट्रात तारापूरची पहिली दोन युनिटं 1969 सालची आणि दाइइचीसारखीच जनरल इलेक्ट्रिकच्या घराण्यातली, त्यामुळे 2011 नंतर तिथे सगळ्यांच्या नजरा वळल्या आणि तपासण्या झाल्या. पण मला जास्त काळजी वाटते ती अणुभट्टी नसलेल्या जागांची, कारण तिथे तपासायला कुणी येत नाही. नदीकाठच्या शहरांत नवी इमारत बांधली की डीजी मोकळ्या जागेत ठेवतात (ध्वनीच्या नियमामुळे डबा लागतो आणि तो बाहेरच बसतो), पण मेन पॅनेल, एएमएफ (लाइट गेली की सेट आपोआप चालू करणारं पॅनेल) आणि चेंजओव्हर (लाइनवरून सेटवर नेणारा स्विच) मात्र बेसमेंटमध्ये, कारण वरची जागा विकता येते. 2019 ला सांगली-कोल्हापूरने आणि 2021 ला चिपळूणने पाणी किती चढतं ते दाखवलं आहे. कूलिंग टॉवरवर चालणारे मोठे सेट असतील तर आणखी एक बघा : त्या टॉवरच्या पंपाला वीज कुठून येते? महावितरणच्या फीडरवरून येत असेल, तर लाइट गेल्यावर तुमचा सेट 6ए सारखाच काही मिनिटांचा सोबती. डे टँक (सेटजवळची डिझेलची छोटी टाकी) भरणारा पंपही त्याच ओळीत धरा. आणि दर सोमवारी दहा मिनिटं नो-लोड चालवून लॉगबुकात जी टिक होते, ती इंजिनाच्या तब्येतीची टिक आहे. ब्रेकर लागून शेवटच्या पंपापर्यंत वीज जाते का, हे त्यातून कळत नाही. पूर्ण लोडवर, मेन खरोखर पाडून चाचणी घ्यायला प्रॉडक्शनवाले तयार नसतात, तो भाग निराळा.

पुढे

2013 च्या जुलैमध्ये जपानने नवे नियम लागू केले : उंचावर ठेवलेले जनरेटरचे ट्रक, पाणबंद दारं, जास्त वेळ पुरणाऱ्या बॅटऱ्या, दूर अंतरावर वेगळी कंट्रोल रूम. पुन्हा सुरू व्हायचं असेल तर प्रत्येक केंद्राला हे करावं लागतं.

दाइइचीचं केंद्र मोडीत निघालं, तरी इंधनकुंडं थंड ठेवायला तिथे वीज लागतच होती. ती बराच काळ एका तात्पुरत्या पॅनेलमधून जात होती. अपघाताच्या दिवसांत ट्रकवर बसवून आणलेलं हे पॅनेल तिथेच उघड्यावर उभं होतं. 18 मार्च 2013 ला संध्याकाळी त्यात एक उंदीर शिरला. शॉर्ट झाला, पुरवठा गेला, आणि युनिट 4 च्या कुंडासह अनेक ठिकाणचं थंड करणं बंद पडलं. सगळीकडे ते पूर्ववत व्हायला 29 तासांपर्यंत वेळ लागला. कुंडांतलं पाणी धोक्याच्या तापमानापासून बरंच दूर होतं, म्हणून बिघडलं काही नाही. पॅनेल उघडल्यावर टर्मिनलजवळ सुमारे 15 सेंटिमीटरचा तो उंदीर मेलेला मिळाला. त्यानंतर केबलच्या फटी बुजवल्या आणि जोडण्या कायमच्या पॅनेलवर नेण्याचं काम पुढे ढकललं जात होतं ते हातात घेतलं.